आईच्या बोलीत

इंग्लंड, पूर्वेकडचा एक विमानतळ
१२ मार्च १९४४

गेर्हार्ट,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे पत्र शेगडीत घातलं नसशील, तर पुढं वाच. बाबांना पाठवलेलं माझं एकेक पत्र न उघडता परत येतं. आईच्या नावावर पाठवलं तरी रस्त्यावरच्या पेटीतून टपाल काढायला बाबाच जातात. म्हणून तुला लिहितोय. तू व्हर्जिनियातल्या वेड्यांच्या इस्पितळात कामाला आहेस, हे गावाकडच्या एकानं कळवलं. सरकारनं तुम्हा न लढणाऱ्यांना बरी जागा शोधून दिली.

हे शेवटचं वाक्य खोडणार होतो. पण आमची पत्रं आधी अधिकारी वाचतात, आणि खाडाखोड दिसली की त्यांना संशय येतो. राहू दे.

मला एवढंच हवंय, की आईच्या छातीतलं दुखणं कसं आहे ते कळव. तुझ्या पत्रात दोनच ओळी असल्या तरी चालतील.

इथे चिखल आहे. पत्र्याच्या बराकीत एक शेगडी, तिला पुरेल एवढा कोळसा कधीच नसतो. जेवायला अंड्याची पूड मिळते. खरं अंडं ताटात पडलं की समजायचं, आज उडायचंय. त्यामुळे अंडं मला आवडेनासं झालंय. बाकी काम तसं ठीक. मी विमानातला रेडिओवाला. विमानाच्या पोटात माझं छोटं टेबल आहे, बाहेरचं फारसं दिसत नाही. कचेरीत बसल्यासारखंच म्हण, फक्त थंडी जास्त.

शेजारच्या खाटेवर क्लेल स्टॅम्पर आहे. वेस्ट व्हर्जिनियातल्या कोळशाच्या खाणीतला. विमानाच्या बाजूच्या खिडकीतली मशीनगन त्याच्याकडे असते. पहिल्याच आठवड्यात त्यानं मला गदागदा हलवून उठवलं.

"अरे, तू झोपेत जर्मन बोलतोस."

"जर्मन नाही ती. आमच्या घरची बोली आहे."

"मला जर्मनच वाटली."

"जवळची आहे. आमचे पूर्वज तिकडून निघाले, रशियात राहिले, मग कॅन्ससला आले. लढायचं नाही हा आमचा धर्म. जिथं सक्ती झाली तिथून उठायचं आणि पुढं जायचं. जमिनी मागे राहिल्या, बोली तेवढी बरोबर आली."

क्लेल म्हणाला, "म्हणजे तू शत्रूचा चुलतभाऊ झालास."

तेव्हापासून अख्खी बराक मला 'चुलत' म्हणते.

आपल्या चर्चच्या दाराला गावातल्या पोरांनी पिवळा रंग फासला होता, ते मी त्याला सांगितलं. भित्र्यांचा रंग. तू आठवडाभर तो घासत होतास, वर स्तोत्र गुणगुणत. मी बादली धरून उभा होतो आणि मला रंग फासणाऱ्यांची नाही, तुझी लाज वाटत होती. मी तसं तोंडावर बोललो. तू ब्रश न थांबवता म्हणालास, "मग जा." मी गेलो, फौजेत भरती झालो. स्टेशनवर कुणी आलं नाही.

आईला सांग, मी पोटभर जेवतो.

एल्मर


इंग्लंड
१६ मे १९४४

गेर्हार्ट,

तुझं उत्तर नाही. इस्पितळात काम खूप असेल, असं मी क्लेलला सांगतो. तो म्हणतो, "वेडे सुट्टी देत नसतील."

तीन दिवसांपूर्वी आम्ही एका बंदराच्या शहरावर जाऊन आलो. नाव लिहिता येत नाही. खूप लांब होतं, आणि सगळा दिवस त्यातच गेला. परत आल्यावर एक अधिकारी ओले फोटो घेऊन आला. छडीनं दाखवत होता. "गोदीवर छान पडलेत. आणि हे मागचे रस्ते, ते फुकटात." काहीजण हसले. मीही हसलो असेन. फोटोत एका चर्चचा पायऱ्यापायऱ्यांचा माथा दिसत होता. आजोबांच्या जुन्या चित्रात आहे ना, तसा. चर्चला छप्पर नव्हतं.

तू म्हणशील, मी सांगितलं होतं. तू काहीच सांगितलं नव्हतंस, गेर्हार्ट. तू नुसता घासत होतास.

शेजारची बराक सोमवारी रिकामी झाली. खाटांवरचं सामान गोळा करायला दोन माणसं आली. ती घरच्या लोकांना पाठवण्याजोगं आणि न पाठवण्याजोगं असे दोन ढीग करत होती. क्लेल दारात उभा राहून बघत होता. आत येऊन त्यानं आपल्या पेटीतली एका बाईची दोन पत्रं काढली, ती बाई त्याची बायको नव्हती, आणि शेगडीत टाकली. "आता म्हातारीला माझं सामान वाचायला हरकत नाही," म्हणाला. म्हातारी म्हणजे त्याची आई. तिच्याबद्दल तो दुसऱ्या कुठल्याही नावानं बोलत नाही, आणि दुसरं कुणी त्या नावानं बोललं तर मारायला उठतो.

मग शेगडीशी बसून त्यानं मला विचारलं, "तुझा भाऊ भित्रा आहे का?"

मी म्हटलं, "आमचा बैल पिसाळला होता तेव्हा त्याच्यासमोर तोच गेला होता. आम्ही बाकीचे कुंपणावर."

"मग त्याचं काय बिनसलंय?"

"माणूस मारायचा नाही म्हणतो."

क्लेलनं हात शेकले. "माझा थोरला भाऊ खाणीत आहे. त्यालाही लढाई माफ आहे. कोळसा काढणाऱ्याला कुणी भित्रा म्हणत नाही." मग म्हणाला, "मला त्यातलं काही कळत नाही, चुलत. पण बैलासमोर मी गेलो नसतो."

हे तुला कळावं असं वाटलं.

आईचं लिही. एवढं लिही.

एल्मर


युद्धकैदी टपाल
जर्मनी, २ जुलै १९४४

गेर्हार्ट, जिवंत आहे. विमान पडलं, हवाई छत्रीनं उतरलो, पाय मुरगळला, आता बरा आहे. क्लेल याच खोलीत आहे. विमानातल्या बाकीच्यांबद्दल इथं लिहिता येत नाही. आईला तूच सांग, सरकारी तारेवरून कळायला नको. रेड क्रॉसकडून खोकी येतात, उपाशी नाही. उत्तर याच पत्त्यावर. एल्मर


युद्धकैदी टपाल
जर्मनी, ३ डिसेंबर १९४४

गेर्हार्ट,

तुझं पत्र मिळालं. ऑगस्टमधलं पत्र नोव्हेंबरच्या शेवटी आलं. पहिल्यांदाच तुझं अक्षर आलं म्हणून मी खुशीत उघडलं.

म्हणजे मी इथं आईसाठी स्वेटरच्या लोकरीतून पायमोजे विणायला शिकत होतो, तेव्हा तिला पुरून झालं होतं.

तू लिहिलंस, की मी गेल्यापासून आकाशात सरावाचं विमान वाजलं की ती हात पुसत अंगणात यायची. विमान दिसेनासं झालं की आत जायची. बाबा बघायचे, बोलायचे नाहीत. शेवटी उठवत नव्हतं तेव्हा तिनं खाट खिडकीशी ओढून घ्यायला लावली. तू हे लिहिलंस ते बरं केलंस. तुला लिहिताना त्रास झाला असेल. तुला शेवटच्या दिवसांत घरी जायला रजा मिळाली, हेही बरं झालं. निदान एकजण होता.

पत्र वाचून मी भिंतीकडे तोंड करून पडलो. क्लेलनं आपल्या वाटणीची कॉफी करून माझ्या डोक्याशी ठेवली. ती गार झाली तेव्हा म्हणाला, "म्हातारी?"

मी मान हलवली.

"उठ. काहीतरी म्हण तिच्यासाठी. तिच्या भाषेत म्हण."

मी उठून बसलो आणि आपल्या बोलीतली प्रार्थना हळू आवाजात म्हणायला लागलो. खोलीत पलीकडच्या खाटेवर एक नवीन आलेला होता. त्यानं बूट फेकून मारला. म्हणाला, इथं आत तरी ही भाषा नको. त्याचं तरी काय चुकलं. क्लेल उठला, बूट उचलला, त्याच्याजवळ गेला आणि म्हणाला, "त्याची आई मेली आहे. ती ह्याच भाषेत मेली. आता तू टोपी काढ." त्यानं काढली. खोलीतल्या सगळ्यांनी काढली. मी प्रार्थना पूर्ण केली.

मी तुला इस्पितळावरून टोमणा मारला होता. तू लिहितोस, तिथला एक म्हातारा तुलाच आपला मुलगा समजतो आणि तुझ्याच हातून जेवतो, दुसऱ्या कुणी भरवलं तर थुंकतो. आणि गावातले लोक तुम्हा लोकांवर थुंकतात. म्हणजे हवासाही तूच आणि नकोसाही तूच.

लिहीत राहा.

एल्मर


फ्रान्स, लष्करी इस्पितळ
१४ मे १९४५

गेर्हार्ट,

लढाई संपली, मी आहे. माझं वजन किती उरलंय ते डॉक्टर मला सांगत नाहीत. थोडं थोडं, दर दोन तासांनी खायला देतात. हावरटपणानं खाल्लं म्हणून शेजारचा एकजण सुटका झाल्यावर मेला. मी शहाण्यासारखा चमच्यानं खातो.

आता पत्र कुणी वाचत नाही. म्हणून एकदाच सगळं लिहितो. हे बाबांना पाठवू नकोस.

रशियन फौजा जवळ आल्या तेव्हा फेब्रुवारीत छावणी रिकामी केली आणि आम्हाला बर्फातून पश्चिमेकडे चालत नेलं. दिवसा चालायचं, संध्याकाळी कुणाच्या तरी धान्याच्या कोठारात कोंबायचे. खायला देत होते ते नावालाच. शेतात पुरून ठेवलेले बीट आम्ही नखांनी उकरून कच्चे खायचो. खड्ड्यातलं पाणी प्यायचो. मग सगळ्यांना हगवण लागली. क्लेलला सर्वांत वाईट.

तो तरीही बोलत होता. "चुलत, तुझ्या नातेवाइकांकडे पाहुणचार फारच जोरात आहे." मग बोलायचं थांबला. मी त्याला खांद्यावर घेऊन चालायला लागलो, नंतर ओढायला लागलो. मागे पडलेल्यांना पहारेकरी जंगलात नेत आणि एकटे परत येत. हे सगळ्यांना माहीत होतं.

एका संध्याकाळी आम्हाला एका शेतावर थांबवलं. वादळ सुरू झालं होतं म्हणून दुसऱ्या दिवशीही तिथंच राहणार होतो. कोठारासमोर घर होतं. आमच्या रांगेवर एक म्हातारा पहारेकरी होता, त्याचेही पाय सुजलेले. मी त्याला मोडक्या जर्मनमध्ये म्हटलं, "त्या घरात चूल आहे. तूही शेक." तो माझ्याबरोबर आला.

बाईनं दार उघडलं. पन्नाशीची होती. डोक्याचा रुमाल मागे बांधलेला, आई बांधायची तसा. पहारेकरी काही म्हणायच्या आत मी आपल्या बोलीत बोललो.

"माय, माझा दोस्त मरायला टेकलाय. चुलीपाशी पडू दे त्याला जरा."

ती माझ्या डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे बघत राहिली. "ही बोली तुझ्या तोंडात कुठनं आली?"

"आईकडनं."

"आई कुठली तुझी?"

"अमेरिकेतली. तिच्या आजीची आजी हितली, नदीकाठची."

"हाय आई?"

"न्हाई. उन्हाळ्यात गेली."

"आण त्याला आत," ती म्हणाली.

गेर्हार्ट, तिचं बोलणं ऐकून मला काय झालं ते मी लिहू शकत नाही. एखादा शब्द वेगळा होता, बाकी सगळी आईच. मी तिच्या चुलीपुढं क्लेलला पेंढ्यावर निजवलं. तिनं त्याचे कपडे काढले, पाणी तापवलं, लहान मुलाला पुसतात तसं त्याला पुसलं. तो दात आवळून होता. तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं, गाल दाबून चमच्यानं दूध घालायला लागली.

"माझी लीस्बेट बी आजारी पडली की असंच दात आवळायची."

"कुठं असती लीस्बेट?"

"श्टेटिनात हुती. गोदीच्या मागं कपडे धुवायचा कारखाना हाय, तिथं. मे महिन्यात गेली. इमानं आली तवा." चमचा भरत ती म्हणाली, "रातीची न्हवं. दिसाढवळ्या."

इंग्रज विमानं रात्री जात. दिवसा जायचो ते आम्ही. आणि मे महिन्यातलं ते बंदर म्हणजे श्टेटिनच, ज्याचं नाव मी तुला लिहू शकलो नव्हतो.

तिनं सहज विचारलं, "तू कशात हुतास? पायदळात?"

हो म्हणालो असतो तर काही बिघडलं नसतं. क्लेलचं डोकं तिच्या मांडीवर होतं. तिनं आम्हाला बाहेर काढलं असतं तर तो तासाभरात बर्फात गेला असता. हे सगळं मला त्या क्षणी दिसत होतं. पण त्या बोलीत मी फक्त लहानपणी बोललोय, तुझ्याशी आणि आईशी. तिच्यात खोटं कसं बोलतात ते मला येतच नाही.

"इमानात," मी म्हणालो.

"त्या दिवशी?"

"त्या दिवशी."

तिनं खाली मांडीवर पाहिलं. "आन् ह्यो?"

"त्यो बी."

चमचा तिच्या हातात तसाच राहिला. दुधावर साय धरली. चुलीजवळ बसलेला पहारेकरी आमच्या तिघांकडे बघत होता. मग तिनं बोटानं साय बाजूला केली आणि चमचा क्लेलच्या तोंडाला लावला. दूध संपेपर्यंत तिनं भरवलं. भांडं खाली ठेवून म्हणाली, "आता माझ्याशी ह्या बोलीत बोलू नगस. तुझी ती इंग्रजी बोल. मला कळली न्हाई तरी चालंल."

मी रात्रभर तिच्या स्वयंपाकघरात होतो आणि बोललो नाही. ती पाणी बदलत होती, कपडा बदलत होती. सकाळी क्लेलला थोडी शुद्ध आली.

"काय म्हणते ती?"

"तू झोप म्हणते."

"खोटं बोलतोस, चुलत." तो चुलीकडे बघत होता. "कोळसा चुकीचा लावलाय हिनं. खालून हवा पाहिजे. सांग तिला."

मला सांगता येत नव्हतं. मी उठलो आणि हातानं राख खाली ओढली. जाळ धरला. बाईनं ते पाहिलं. क्लेल दुपारपर्यंत त्या जाळाकडे तोंड करून होता आणि मग गेला.

जमीन गोठलेली होती, खणता आली नाही. तिनं कपाटातून एक पांढरी चादर आणली. तिच्या कोपऱ्यावर मुलीच्या लग्नाच्या चादरीवर भरतात तसं नक्षीचं भरतकाम होतं. तिनं त्याचे हात छातीवर जुळवले, त्याला चादरीत गुंडाळलं. मी आणि पहारेकऱ्यानं त्याला चर्चच्या आवारातल्या खोलीत नेऊन ठेवलं. बर्फ वितळल्यावर पुरतो, असं तिथल्या माणसानं सांगितलं.

रांग निघताना ती दारात उभी होती. मी तिच्यासमोर टोपी काढली आणि इंग्रजीत आभार मानले. तिनं सांगितलं होतं तसं. तिनं मान हलवली आणि दार लावलं.

त्यानंतर मी ती बोली तोंडातून काढलेली नाही.

एल्मर


वेस्ट व्हर्जिनिया
२१ ऑक्टोबर १९४५

गेर्हार्ट,

तुझी पत्रं घरी येऊन पडली होती, ती मिळाली. उत्तर लिहायला घेतलं की होत नव्हतं. आज क्लेलच्या आईच्या घरी बसून लिहितोय. इथं कसा आलो ते आधी सांगतो.

घरी पोचल्यावर तिसऱ्या दिवशी आपल्या चर्चच्या मंडळीचे प्रमुख, ब्रदर शार्टनर, आले. बाबा खुर्चीत होते. बाबा माझ्याशी बोलत नव्हते, ताट मात्र माझ्यापुढं ठेवत होते. ब्रदर शार्टनर प्रेमानंच बोलले.

"रविवारी उभा राहा आणि एक वाक्य म्हण, एल्मर. मी लढाईला गेलो त्याचा मला पश्चात्ताप आहे. एवढंच. मग सगळं पूर्वीसारखं."

मी म्हटलं, "श्टेटिनबद्दल म्हणतो. गुडघ्यावर बसून म्हणतो. पण हे वाक्य अख्खं आहे. त्यात क्लेल पण येतो. मी गेलो नसतो तर त्याला खांद्यावर कुणी घेतलं असतं?"

"देवानं कुणालातरी पाठवलं असतं."

"मलाच पाठवलं असेल तर?"

"अर्धाच पश्चात्ताप मला मान्य करता येत नाही, बाळ," ते म्हणाले. खरंच वाईट वाटलं त्यांना. टोपी घेऊन गेले. बाबा उठून गाईंकडे गेले.

वेस्ट व्हर्जिनियाला जातो, एवढंच सांगून मी सामान बांधलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी गाडी काढली. मला स्टेशनवर आणलं. आगगाडी आली तेव्हा त्यांनी सीटखालून एक पिशवी काढली. आई प्रवासासाठी भाजायची तसे कडक पाव. त्यांनी स्वतः भाजले होते, निम्मे करपले होते. "त्या पोराच्या आईला दे," म्हणाले. घरी आल्यापासूनचं त्यांचं माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य. क्लेल गेल्याचं, त्याच्या आईचं त्यांना कसं कळलं? मी नको म्हटलं होतं, तरी तू ते पत्र पाठवलंस. मी रागावलो नाही.

मिसेस स्टॅम्पर डोंगराच्या उतारावर, खाण कंपनीच्या घरात राहतात. लहानखुऱ्या, ताठ. त्यांच्याकडे फक्त तार होती: कैदेत मृत्यू. मी दारात माझं नाव सांगितलं तशा म्हणाल्या, "म्हणजे तू चुलत." आणि मला आत घेतलं.

त्यांनी राजमा आणि मक्याची भाकर वाढली. त्यांचा मोठा मुलगा खाणीतून आला होता, तोंडावरची काजळी धुऊन समोर बसला. मी सगळं सांगितलं. काही वगळायचं नाही, असं गाडीतच ठरवलं होतं. पोटाचं दुखणं, ओढत नेलं ते, ती बाई, दूध. लीस्बेटपाशी आलो तेव्हा मोठा मुलगा उठून दाराशी जाऊन उभा राहिला.

"म्हणजे तिला माहीत होतं," मिसेस स्टॅम्पर म्हणाल्या.

"हो. मी सांगितलं."

"सांगितल्यावर किती वेळ भरवलं?"

"शेवटपर्यंत."

त्यांनी एप्रनच्या टोकानं तोंड पुसलं. "नाव काय तिचं?"

मला नाव माहीत नव्हतं. विचारलं नाही. नंतर विचारायची मनाई झाली. आणि आता तो सगळा मुलूख रिकामा झालाय, असं म्हणतात. तिथली जर्मन माणसं पळाली किंवा हाकलली गेली. ती जिवंत आहे की नाही हेही कुणाला विचारता येणार नाही. मी तसं सांगितलं.

"जिनं माझ्या पोराचं तोंड धुतलं, त्या बाईचं नाव तुला माहीत नाही," त्या म्हणाल्या. रागानं नाही. नुसतं स्वतःला ऐकवल्यासारखं. मग त्यांनी मुलाला हाक मारून टेबलाशी बसवलं, डोळे मिटले आणि जेवणाआधीची प्रार्थना म्हटली. तिच्यात क्लेलचं नाव घेतलं. मग थोडं थांबून म्हणाल्या, "आणि लीस्बेटचं."

आमेन मुलानंही म्हटलं. बाबांचे करपलेले पाव त्यांनी कॉफीत बुडवून खाल्ले, सगळे.

हे झालं त्याला आठवडा झाला. मी इथंच राहिलोय. घराच्या पायऱ्या कुजल्या आहेत, त्या बदलतोय. काल मिसेस स्टॅम्पर बाहेर येऊन माझ्याजवळ बसल्या.

"लढाईला न गेलेला तुझा भाऊ. तो कुठं असतो?"

"व्हर्जिनियात. अजून सोडलं नाही त्यांना."

"डोंगराच्या पलीकडे?"

"हो. बसनं एक दिवस."

"तुमच्यात भांडण आहे का?"

मी म्हटलं, "होतं. आता काय आहे ते कळत नाही."

त्या खालच्या रुळांवरून जाणाऱ्या कोळशाच्या वाघिणी बघत होत्या. मग म्हणाल्या, "तो जिवंत आहे ना?"

"आहे."

"मग तू माझ्या पायऱ्यांवर काय करतोयस?"

उरलेल्या पायऱ्या त्यांचा मुलगा करेल. मी बुधवारच्या बसनं निघतोय. ब्रदर शार्टनरांच्या वाक्याचं काय करायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही, आणि ते मी तुला विचारायला येत नाहीये. इस्पितळाच्या फाटकावर तुझं नाव सांगेन. तुझी पाळी असली तर ती संपेपर्यंत बाहेर थांबेन.

तुला आधी ओळखता येणार नाही, मी फार बारीक झालोय. हाक मी मारीन. घरच्या बोलीत मारायचा प्रयत्न करीन. जमली नाही, तर जी येईल तीत मारीन.

एल्मर